४० माणसांत आई एकटी का? वृद्धाश्रमातल्या सोबतीबद्दल

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. पाच महिन्यांपूर्वी आईला बेळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. जेवण, औषधं, स्वच्छता, सगळं चांगलं आहे. ४० माणसं सोबतीला आहेत. पण आई गप्प गप्प होत चालली आहे. फोनवर 'बरी हाय मी' एवढंच बोलते. भजनाला, कार्यक्रमाला बसत नाही. रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहते. इतक्या माणसांत तिला एकटं का वाटावं? तिला पुण्याला आणावं का?

उत्तर :

ताई, '४० माणसं सोबतीला आहेत' असं तुम्ही लिहिलंय, तिथूनच सुरुवात करते. बेळगाव आणि आसपासच्या वृद्धाश्रमांत मी २३ वर्षं काम करते आहे. आधी नर्स होते, आता सगळी व्यवस्था बघते. तुमच्या आईच्या आजूबाजूला ४० माणसं आहेत हे खरं, पण ती सध्या शेजारी आहेत. सोबत व्हायला अजून वेळ आहे. गावात ती कुणाची काकी होती, कुणाची वैनी होती, कुणाच्या बाळंतपणाला रात्री कंदील घेऊन धावलेली होती. तिचं माहेर कुठलं, तिच्या हातच्या फणसाच्या सांदणाला कोण कोण यायचं, हे सांगावं लागत नव्हतं. इथे ती 'सहा नंबरच्या खोलीतली आजी' आहे. आयुष्यभर जमवलेली ओळख एका दिवसात पुसली गेली आणि ती नव्याने कशी करून द्यायची असते, हे तिला कधी करावंच लागलं नव्हतं. सासरी आली तेव्हासुद्धा तिची ओळख दुसऱ्यांनी करून दिली होती.

म्हणून तिचं गप्प होणं मला समजतं. पण त्याआधी एक गोष्ट उरकून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. तिची तपासणी करून घ्या. गप्प होण्यामागे दर वेळी मनच असतं असं नाही. सगळ्यात आधी कान. आमच्याकडे एक तात्या सहा महिने कुणाशी बोलत नव्हते, घरचे म्हणायचे, 'स्वभावच तुसडा झालाय.' कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून वाळलेला मळ काढला आणि त्या संध्याकाळी तात्यांनी स्वतःहून विचारलं, बाहेर पाऊस पडतोय काय. मग डोळे, मग दातांची कवळी. कवळी सैल असली की बायका चारचौघांत बोलायला आणि खायला लाजतात, पण सांगत नाहीत. रक्तात थायरॉईड, बी-१२, साखर, सोडियम बघायला सांगा आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, विशेषतः झोपेच्या गोळ्या. जेवणाची चवच गेली असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, 'आता देवानं न्यावं' असं वरचेवर म्हणत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी वृद्धांकरता १५ प्रश्नांची एक साधी चाचणी असते, डॉक्टर पाच-दहा मिनिटांत ती घेतात. या वयातलं नैराश्यही उपचाराने बरं होऊ शकतं. 'वयच झालं' म्हणून ते सोडून देऊ नका. आणि एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेनाशी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बरेचदा लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी होणं एवढंच कारण निघतं.

हे सगळं ठीक निघालं तर मग एकटेपणाकडे वळू. त्याला मनाचे चोचले समजणारे नातेवाईक मला फार भेटतात, म्हणून एक आकडा सांगून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या आसपास मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. त्यात कमी ऐकू येणं आहे, न सुधारलेली नजर आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीइतकीच ही गोष्ट मनावर घ्यायची आहे.

आता तुमच्या आईची संध्याकाळ. फाटकाशी उभी राहते म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असणार, ती तुमची वाट बघते. तसंही असेल. पण तिला कुणी विचारलंय का? जांबोटीकडच्या घरात संध्याकाळी पाच ते सात या वेळात बाईमाणसाला उसंत कुठली? गुरं परतायची, त्यांना दावणीला बांधायचं, धारा काढायच्या, चूल पेटवायची, तुळशीपुढे दिवा लावायचा. ६० वर्षं ज्या वेळेला तिचं अंग सगळ्यात जास्त हललं, नेमक्या त्याच वेळेला आश्रमात काहीच नसतं. चहा झालेला असतो, जेवणाला अवकाश असतो. आमच्याकडे हीच वेळ सगळ्यात अवघड जाते. बायका उठून दाराशी येतात, पुरुष खाटेवर पडून छताकडे बघतात. कुणी रडत असेल तर तेही याच वेळी. आषाढात पावसाची झड लागली की आणखी वाईट. आठ-आठ दिवस अंगणात पाय टाकता येत नाही, भेटायला येणारेही पावसाच्या निमित्ताने येत नाहीत.

या वेळेला टीव्ही लावणं हा उपाय नाही. तिच्या हाताला त्या वेळचं काम द्यायला सांगा. आमच्याकडे देवघरातल्या दिव्याची सगळी जबाबदारी दोन आज्यांकडे आहे. कापूस पिंजायचा, वाती वळायच्या, तेल घालायचं, सात वाजता दिवा लावायचा. एक जण आजारी पडली तर दुसरी आमच्यावर ओरडते की आज वाती कोण करणार. ते ओरडणं ऐकलं की मला बरं वाटतं. कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय, हे त्या ओरडण्यात असतं. वृद्धाश्रमात माणसाला सगळं हातात मिळतं. हाताने द्यायला मात्र काही उरत नाही आणि ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या ताटात वाढलं तिला हे फार लागतं.

हे काम कसलं असावं, ते माणूस बघून ठरतं. निपाणीच्या एक आजी आमच्याकडे होत्या, स्मृती बरीच गेलेली. दिवसभर त्यांची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत. काठ धरायचा, अंगठ्याने घासायचा, दुमडायचा, पुन्हा सोडायचा. पदर विरून गेला. आम्ही म्हणत होतो, चाळा आहे; एकदा तर त्यांना शांत करायला गोळी द्यावी का, इथवर बोलणं गेलं. मग चिकोडीकडची एक नवी मावशी कामाला लागली. तिने दारात उभं राहून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "आजी विड्या वळतीया की." तिची आई जन्मभर विड्या वळत होती. दुसऱ्या दिवशी तिने घरून धान्य पाखडायचं सूप आणलं, वर्तमानपत्राचे विडीच्या पानाएवढे चौकोनी तुकडे कापले, दोऱ्याचं रीळ ठेवलं. तंबाखू नाहीच, नुसता कागद. सूप मांडीवर ठेवल्याबरोबर आजींनी पाय आवळून बैठक बदलली. एक तुकडा उचलला, अंगठ्याने चाचपला, जाड लागला म्हणून बाजूला टाकला. दुसरा घेतला, सुरळी केली, नखाने तोंड मोडलं, दोरा गुंडाळला. २५ झाल्या की कट्टा बांधून बाजूला ठेवायच्या. बघता बघता शेजारच्या दोघी तिथे येऊन बसल्या. एक कागद कापून द्यायला लागली, दुसरी मोजायला. निपाणीत हजाराला किती मजुरी मिळायची यावर त्यांच्यात वाद झाला. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात हायवेवर बसलेल्यांना भाकऱ्या पोचवल्याचंही आजींनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. स्मृती काही परत आली नाही. मुलाला त्या शेवटपर्यंत ओळखत नव्हत्या. पण पुढचे आठ महिने त्या माणसांत बसल्या, आणि विशेष म्हणजे माणसं त्यांच्याकडे येऊन बसली.

तुम्ही लिहिलंत की आई कार्यक्रमाला बसत नाही. ताई, कार्यक्रमावर फार भिस्त ठेवू नका. वाढदिवसाचा केक कापायला, फळं वाटायला लोक येतात, त्यांच्या मनात चांगलंच असतं आणि मी त्यांचे आभार मानते. पण तासाभरात ते जातात आणि नंतरची शांतता आधीपेक्षा जड होते. मी आता अशा मंडळींना एकच विनंती करते. दहा जणांनी वर्षातून एकदा येण्यापेक्षा एकाने दर गुरुवारी यावं आणि एकाच आजीपाशी बसावं. कॉलेजमधली एक मुलगी गेली दोन वर्षं अशी येते आहे. कन्नड घरातली मुलगी, आजीकडून मराठी ओव्या शिकते. गुरुवारी आजी दुपारीच वेणी घालून बसलेल्या असतात.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलते, कारण आपल्या सीमाभागात एकटेपणाची ती एक वेगळीच तऱ्हा आहे. तुमच्या आईची बोली खानापुरी, कोकणीचा हेल असलेली. आश्रमातली शेजारीण जर गोकाक-बैलहोंगलच्या कन्नड मुलखातली असेल आणि कामाच्या बायका कन्नड बोलणाऱ्या असतील, तर तिचं बोलणं 'पाणी', 'गोळी', 'दुखतंय' एवढ्यावर आटोपतं. कामापुरती भाषा सगळ्यांना येते. मनातलं बोलायला ती पुरत नाही. आश्रमाला सांगा, तिची खाट किंवा निदान जेवणाची जागा तिची बोली बोलणाऱ्या बाईशेजारी असू दे. खानापूर, चंदगडकडची कुणी असली तर सोन्याहून पिवळं.

याची उलटी बाजूही मी बघितली आहे. गोकाककडून बेळगावच्या शहापुरात मराठी घरात दिलेली एक बाई. ६० वर्षं मराठीत संसार केला, मुलं मराठी शाळेत शिकली. स्मृतिभ्रंश सुरू झाल्यावर तिची मराठी हळूहळू गळून गेली आणि माहेरची कन्नड तेवढी राहिली. हे बरेच ठिकाणी दिसतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते, लहानपणची टिकते. मुलांना कन्नड कामापुरतंच येत होतं. ते म्हणायचे, आई काहीतरी बडबडते, आम्हाला ओळखत नाही. आमच्या मावशीने शेजारी बसून ऐकलं. ती म्हणत होती, "मनीगे होगोण, मनीगे होगोण." घरी जाऊया. मावशीने तिचा हात धरून विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं काय? म्हातारीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा पुरं वाक्य बोलली. तिच्या धाकट्या मुलाने मग वहीत २०-२५ कन्नड वाक्यं लिहून घेतली. तो पन्नाशीचा माणूस आईशी तिच्या भाषेत बोलायला शिकत खाटेशेजारी बसायचा. म्हणून आमच्याकडे आता माणूस आलं की पहिल्या कागदावर आम्ही विचारतो, लहानपणी घरात कुठली भाषा बोलत होता?

बसण्याच्या जागेबद्दल एक सांगते. पुढच्या वेळी आश्रमात गेलात की खुर्च्या कशा मांडल्या आहेत ते बघा. बहुतेक ठिकाणी सोप्यात भिंतीला लावून एका ओळीत असतात, म्हणजे झाडायला सोपं. पण ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला शेजाऱ्याशी बोलायला मान वळवावी लागते, ती दुखते, ऐकू येत नाही, ओठ दिसत नाहीत. मग सगळे समोर बघत बसतात, स्टँडवर एसटीची वाट बघत असल्यासारखे. कॅनडात रॉबर्ट सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५८ मध्ये वृद्धांच्या वॉर्डात भिंतीकडच्या खुर्च्या काढून छोट्या टेबलांभोवती मांडल्या, तर काही आठवड्यांत माणसांचं आपसातलं बोलणं स्पष्टपणे वाढलं. हे वाचून मीही करून बघितलं. पहिले पाच-सहा दिवस आमची माणसं संध्याकाळपर्यंत खुर्च्या परत भिंतीला नेऊन लावायची. ओळखीची जागा सुटल्याने बावरायची. मी चिकाटीने पुन्हा मांडायची. दुसऱ्या आठवड्यात एका टेबलावर वाटाणे सोलायला ठेवले, दुसऱ्यावर पत्ते. मग खुर्च्या राहिल्या तिथेच. वाटाण्यांनी जे काम केलं ते नुसत्या टेबलाने झालं नसतं, असं माझं मत आहे.

पुरुषांचं जरा वेगळं असतं. तुमचा प्रश्न आईचा आहे, पण मला एक जोडी सांगायचीच आहे, कारण सोबत म्हणजे काय ते मी त्यांच्याकडून शिकले. एक बेळगावातल्या वडगावचे, हातमागावर शहापुरी साड्या विणण्यात हयात गेली. सीमाप्रश्नाच्या चळवळीत मनापासून असलेले, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाल्लेले. दुसरे बैलहोंगल भागातले कन्नड शाळेचे निवृत्त मास्तर. जागा नव्हती म्हणून आम्ही दोघांना एका खोलीत ठेवलं, आणि मनात धाकधूक होती. विणकर आजोबांना काचबिंदूने दिसत नव्हतं आणि मास्तरांचे हात कंपवाताने थरथरायचे. महिन्याभरात असं झालं की मास्तर अडखळत अडखळत मराठी पेपर वाचून दाखवायचे, आजोबा त्यांचे उच्चार सुधारायचे, आणि चहा आला की आजोबा चाचपून मास्तरांचा कप धरायचे. १ नोव्हेंबर म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन; त्या दिवशी आजोबा काळी फीत मागून घ्यायचे, मास्तर लाल-पिवळी शाल पांघरायचे. त्या दिवशी एकमेकांशी चकार शब्द नाही. पण चहाचा कप त्या दिवशीही धरला जायचा. २ तारखेला सकाळी पेपरवाचन सुरू.

मास्तर एका पावसाळ्यात गेले. रात्री दवाखान्यात नेलं, तिथेच संपले. आणि इथे माझ्या हातून जी चूक झाली ती आजही टोचते. बाकीच्यांना धक्का नको म्हणून आम्ही कुणाला सांगितलं नाही. आजोबा विचारायचे, मास्तर कुठे, आम्ही सांगायचो, दवाखान्यात आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारची खाट चाचपून बघितली. गादी उन्हात टाकलेली होती, हाताला नुसत्या पट्ट्या लागल्या. त्यांनी आवाज केला नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणाले, "मला आंधळा म्हणून फसवलासा." त्यानंतर पेपर वाचायला दुसरं कुणी बसलं तर ते भिंतीकडे तोंड करायचे.

तेव्हापासून आमच्याकडे मृत्यू लपवत नाही. जवळच्या माणसाला मी स्वतः बसून सांगते, शक्य असेल तर अंत्यदर्शनाला नेते. सोप्यात फोटो लावतो, त्यापुढे १३ दिवस दिवा असतो. गेलेल्याची एखादी वस्तू सोबत्याला हवी का, ते घरच्यांना विचारून देतो. नवरा गेला तर सगळे भेटायला येतात. पण खाटेशेजारचं माणूस गेलं तर त्या दुःखाला कुणी दुःखच म्हणत नाही. कुणी सुतकही धरत नाही. तुमच्या आईचंच बघा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, मग घर सुटलं, गुरं विकली असतील, शेजार गेला. तिच्याशी त्या गोठ्याबद्दल कुणी बोललंय का? दोन वर्षांत तिने किती गोष्टी सोडल्या, हे एकदा तिच्यासमोर मोजा. तिला रडू आलं तर येऊ द्या, तुम्हीही रडा.

आता तुमच्या हातात काय आहे ते. फोन रोज करण्यापेक्षा ठरलेल्या वेळी करा. आठवड्यातून तीन दिवस असला तरी चालेल, पण वार आणि वेळ बदलू नका. दिवेलागणीनंतर सातला केलात तर उत्तम. 'कशी आहेस, जेवलीस काय' याला उत्तर 'बरी हाय' हेच येणार, दुसरं काय येईल? तिला काहीतरी मागा. 'आंबोळीचं पीठ आंबतच नाही, काय करू?' 'गावाकडच्या शेतात यंदा धूळवाफ पेरणी करायची की रोप लावायचं, भाऊजी विचारतायत.' पाच महिन्यांत तिला कुणी सल्ला विचारला नसेल. व्हिडिओ कॉल करायचा तर मावशीला फोन धरायला सांगा आणि तुमचा चेहरा नको, स्वयंपाकघर दाखवा, नातवाची वही दाखवा. कित्येक आज्यांना स्क्रीनवरच्या चेहऱ्याशी काय बोलावं ते सुचत नाही, पण भांडं नीट घासलेलं नाही हे लगेच दिसतं.

भेटायला याल तेव्हा सगळ्यांना वाटायला कुंद्याचे डबे आणू नका, निदान प्रत्येक वेळी नको. वाटण्यात अर्धा वेळ जातो आणि आई बाजूला राहते. तिच्या खाटेवर बसा. तिच्या केसांना तेल लावा. खरंच सांगते, वृद्धाश्रमात माणसाला हात लागतो तो अंघोळ घालताना, कपडे बदलताना, इंजेक्शन देताना. कामाशिवायचा हात महिनोन् महिने लागत नाही. आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईची ओळख करून घ्या. तिला सांगा, आमची आई असं असं करायची. आईची ओळख तुम्ही करून द्या, तिची तिला देता येणार नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: नाव, माहेर, गाव, काय छान जमायचं, कुठला अभंग पाठ आहे, चहा कसा लागतो. मावश्यांच्या पाळ्या बदलतात, नव्या मावशीला तेवढं वाचून बोलायला धागा मिळतो.

निवडही तिच्या हातात राहू दे. अमेरिकेत १९७६ मध्ये एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एका शुश्रूषागृहात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, खोलीत काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, सांभाळायला रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण पाणी घालणार नर्स. पहिल्या मजल्यावरची माणसं काही आठवड्यांत जास्त हुशारीत आणि हिंडती-फिरती दिसली. तुमच्या आईला आश्रमात कुठल्या गोष्टी स्वतः ठरवता येतात, ते विचारून बघा. अंघोळ सकाळी की दुपारी, खाट खिडकीशी की दाराशी, भाकरी तांदळाची की जोंधळ्याची. अंगणात दोन हात जागा मागून घ्या तिच्यासाठी, तिला मिरची लावू दे.

पुण्याला आणावं का? हे ठरवताना स्वतःला एकच विचारा, सकाळी दहा ते संध्याकाळी सात तिच्याजवळ कोण असेल? तुम्ही दोघं नोकरीला, मुलं क्लासला आणि ती पाचव्या मजल्यावर बंद दाराआड, अशी स्थिती असेल तर तिथला एकटेपणा इथल्यापेक्षा गडद असेल. तिथे फाटकाशी उभं राहण्याची सोयही नसते. कुणी माणूस दिवसभर घरी असेल, इमारतीत तिच्या वयाच्या बायका खाली बसत असतील, तर जरूर आणा, आणि आणलंत म्हणजे आश्रमाने काही चुकवलं असं मानू नका. तिसरा मार्ग, गावातल्याच घरात पगारी बाई ठेवून राहणं, तोही विचारात घ्या. पण आधी तिला विचारा. तुमच्या पत्रात आईला आश्रमात ठेवल्याचं आहे, तिने काय म्हटलं ते नाही. मी तुम्हाला दोष देत नाही, बहुतेक घरांत असंच होतं, घाईत होतं. पण पाच महिन्यांनी का होईना, तिला समोर बसवून विचारता येतं. ती म्हणेल, 'तुमचं बरं ते माझं बरं.' त्यावर थांबू नका, दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा.

गणपतीला घरी न्यायचं असेल तर न्या, मात्र परत कधी यायचं तो दिवस निघण्याआधीच सांगा आणि आश्रमाच्या कॅलेंडरवर तिच्यासमोर खूण करा. निघायच्या दिवशी सकाळी सांगितलं तर तिला पुन्हा सोडून दिल्यासारखं होतं.

आणि या शनिवारी रात्रीच्या गाडीने येणार असाल तर आधी गावच्या घरी जाऊन तिची वाकळ घेऊन या. जुन्या लुगड्यांची, तिनेच शिवलेली असेल ती. धुऊ नका, तशीच आणा. तिचा पितळेचा तांब्याही आणा. रविवारी सकाळी त्या वाकळेवर दोघी बसा आणि कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं ते तिला विचारा. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही बोलवा ऐकायला.